कटऑफ वर आहे म्हणजे शिकवतातही चांगलं?

"मॅडम, मोठ्या नावाच्या कॉलेजात खरंच काही वेगळं शिकवतात, की नुसतं नावच?" इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडचे, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांचे, दिवस आले की सल्ला विचारायला आलेल्यांकडून हा प्रश्न मला हमखास ऐकू येतो. बहुतेक वेळा विचारणाऱ्याने उत्तर आधीच ठरवलेलं असतं. आईवडिलांना "हो" ऐकायचं असतं आणि मुलांना "नाही".

ऋतुजाच्या (नाव बदललं आहे) घरी नेमकं हेच चाललं होतं. सीईटीला ९७ च्या वर पर्सेंटाइल. वडील साखर कारखान्यात फिटर, आई घरी शिवणकाम करते, आणि नात्यात आजवर कोणी इंजिनिअर झालेलं नाही. वडिलांनी वहीत कॉलेजांचे कोड उतरवून आणले होते. सर्वात वर पुण्यातलं एक नावाजलेलं जुनं कॉलेज, आणि त्यापुढे लिहिलं होतं, "कोणतीही ब्रँच". मागच्या वर्षीच्या कटऑफवरून तिला तिथे मेटलर्जी, म्हणजे धातूंची ब्रँच, मिळण्यासारखी होती. तिला हवं होतं इलेक्ट्रॉनिक्स, आणि ते सांगलीच्या एका चांगल्या स्वायत्त कॉलेजात जवळजवळ नक्की होतं. फीचा प्रश्न फारसा नव्हता. ती ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या आत. अशा मुलींना २०२४-२५ पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. कॅपमधून गेलं की खासगी कॉलेजातही ती सवलत लागू होते. राहायचा खर्च तेवढा उरत होता.

वडील म्हणाले, "कटऑफ बघा ना मॅडम. एवढी हुशार पोरं उगाच जातात का तिथं?"

मी त्यांना कारखान्याचंच विचारलं. कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या कारखान्यांचा साखरेचा उतारा मराठवाड्यापेक्षा जास्त पडतो, तो तिकडचे फिटर जास्त हुशार म्हणून का? ते हसले. "ऊसच तसला असतोय." मग कॉलेजच्या निकालात ऊस किती आणि कारखाना किती, हे कसं ओळखायचं? त्यावर ते गप्प झाले आणि ऋतुजाने पहिल्यांदा मान वर केली.

कटऑफ सांगतो तो एवढंच, की त्या जागेसाठी किती वरच्या गुणांची मुलं रांगेत होती. वर्गात काय होतं, हे त्यात कुठेच येत नाही. रँकिंगचंही थोडं तसंच. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत इंजिनिअरिंगच्या यादीत अध्यापन आणि साधनांना ३० टक्के वजन आहे. पण त्यात मोजतात ते विद्यार्थी किती, शिक्षक किती, पीएचडी झालेले किती, खर्च किती. वर्गात मागच्या बाकावर बसून शिकवणं कोणी तपासत नाही. शिवाय १० टक्के निव्वळ लोकांच्या मतावर, म्हणजे नावाला पुन्हा नावाचेच गुण.

नाव पोकळ आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. पुण्याचं सीओईपी हे इंजिनिअरिंग कॉलेज १८५४ चं, मुंबई विद्यापीठाच्याही तीन वर्षं आधीचं. विश्वेश्वरय्या तिथलेच. मुंबईचं व्हीजेटीआय १८८७ चं. एवढ्या वर्षांत बाहेर पडलेली माणसं ठिकठिकाणी मोठ्या जागांवर बसलेली असतात आणि नव्या मुलाचा बायोडेटा त्यांच्याच हातात पडतो.

शीतल सेखरी या अर्थतज्ज्ञांचा २०२० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी पालकांना नेहमी सांगते, कारण तो आपल्या देशातल्या कॉलेजांवरचा आहे. त्यांनी कटऑफच्या जरा वर आणि जरा खाली राहिलेली मुलं घेतली, म्हणजे गुणांनी जवळजवळ सारखीच. जी नामांकित सरकारी कॉलेजात गेली त्यांना सुरुवातीचा पगार जास्त मिळाला. पण शेवटच्या सामायिक परीक्षेच्या गुणांत काही फरक सापडला नाही. नावाचे पैसे मिळाले. शिकणं वाढल्याचा पुरावा नाही.

हे ऐकून ऋतुजाला वाटलं आपण जिंकलो. पण मी दुसरी गोष्टही सांगितली. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी अमेरिकेत असाच शोध घेतला होता, २००२ मध्ये. तिथे तोडीस तोड मुलांच्या पुढच्या कमाईत कॉलेजच्या नावाने फारसा फरक पडला नव्हता. पडला तो गरीब घरच्या मुलांच्या बाबतीत. ज्याचे काका कंपनीत मॅनेजर आहेत त्याला कॉलेजने ओळखी नाही दिल्या तरी चालतं. फिटरच्या मुलीचं तसं नाही. तिच्या वडिलांचा नावाचा हट्ट शहरी पालकांच्या मिरवण्यातून आलेला नव्हता. त्यांना कारखान्यात रोज दिसत होतं की कोणाची चिठ्ठी चालते.

म्हणून मी त्यांना सांगितलं, दोन्ही ठिकाणी एकदा जाऊन या. इमारत, कमान, गेटवरचे पॅकेजचे फ्लेक्स सोडा. तिसऱ्या वर्षाची मुलं कँटीनला गाठा आणि विचारा: प्रॅक्टिकलला एका टेबलावर किती जण असता? जर्नल स्वतः लिहिता की उतरवता? विषय शिकवणारे कायम आहेत की तासिका तत्त्वावरचे, आणि सेमिस्टरच्या मध्येच सोडून जातात का? आणखी एक. कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या दोन संस्था आहेत: नॅकची श्रेणी अख्ख्या कॉलेजची असते, पण एनबीएची मान्यता एकेका ब्रँचची. आपल्या ब्रँचची तपासा. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेला एक मुलगा मोठ्या नावाच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षापर्यंत यूट्यूबवरच शिकला होता. "आम्ही एकमेकांना शिकवतो, मॅडम," असं तो अभिमानाने सांगायचा. ते खरंही होतं. पण हुशार सोबत मिळाली नसती तर काय झालं असतं, हे त्यालाही सांगता आलं नाही.

बापलेक जाऊन आले. सांगलीला इलेक्ट्रॉनिक्सची लॅब बरी वाटली, मुलं मोकळेपणाने बोलली. पुण्यात काय झालं, ते मात्र मला अपेक्षित नव्हतं.

वडिलांच्या मोबाइलमध्ये कारखान्यातल्या एका तुटलेल्या शाफ्टचा फोटो होता. मेटलर्जीच्या एका मुलीशी बोलताना त्यांनी तो सहज दाखवला. तिने फोटो मोठा करून तुटलेल्या तोंडावरच्या रेघा दाखवल्या, शिंपल्यावर असतात तशा, एकात एक. म्हणाली, "काका, हा एका दिवसात तुटलेला नाही. चीर इथून सुरू झाली, रोज थोडी थोडी सरकली. हा कडेचा खडबडीत भाग आहे ना, तेवढाच शेवटी एका झटक्यात गेला." वडील मला सांगत होते, "आमच्याकडं ऑपरेटरला मेमो दिला होता, मॅडम. ओव्हरलोड केला म्हणून."

ऋतुजा तोवर मेटलर्जी म्हणजे भट्टी आणि धूर एवढंच समजत होती. नंतर दोन दिवस ती त्याच विषयाचं वाचत बसली. मी तिला विचारलं, "वडिलांसाठी हो म्हणतेस का?" म्हणाली, "थोडं त्यांच्यासाठी. पण तो फोटो डोक्यातून जात नाही." मला हे उत्तर प्रामाणिक वाटलं. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना ब्रँचची "आवड" असते ती बहुधा ऐकीव. इलेक्ट्रॉनिक्सचीही तिची तशीच होती.

फॉर्ममध्ये पहिला पर्याय पुण्याचं इलेक्ट्रॉनिक्स टाकलं, मिळणार नाही हे माहीत असूनही. दुसरा पुण्याची मेटलर्जी, तिसरा सांगलीचं इलेक्ट्रॉनिक्स. पहिला पर्याय लागला की जागा आपोआप गोठते, पुढच्या फेरीत बदलता येत नाही, म्हणून वर काय लिहितोय हे दोनदा वाचायला लावलं. आणि पुढे ब्रँच बदलून मिळेल या भरवशावर मेटलर्जी घेऊ नकोस, असं बजावलं. ते रिकाम्या जागा आणि पहिल्या वर्षाचे गुण यांवर ठरतं, आणि तशी आस लावून बसलेली मुलं पहिलं वर्ष दुसऱ्याच वर्गात मन ठेवून काढतात.

दुसरा पर्याय लागला. वडिलांचा फोन आला तो हॉस्टेलची यादी कधी लागते, हे विचारायला. फोन ठेवता ठेवता म्हणाले, "त्या ऑपरेटरचा मेमो मागं घ्यायला लावतोय. पोरगी अर्ज लिहून देणार आहे."