नडगीचा बाक : वाट पाहू का?

प्रश्न : मला लहानपणापासून न्यूरोफायब्रोमॅटोसिस (पहिला प्रकार) आहे. अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग, बारीक गाठी आणि दहाव्या वर्षापासून पाठीला बाक. माझी मुलगी ११ महिन्यांची आहे, तिच्याही अंगावर तसेच डाग आहेत. मोजा चढवताना तिची डावी नडगी खालच्या भागात पुढे आणि बाहेरच्या अंगाला फुगल्यासारखी हाताला लागते. उजवी सरळ आहे. आता ती धरून उभी राहते. घरचे म्हणतात, कॅल्शियम दे, चालायला लागली की होईल सरळ. वाट पाहू का? माझीही पाठ हल्ली रात्री फार ठणकते.

उत्तर : ताई, वाट पाहू नका. मुडदुसाने (ड जीवनसत्त्व किंवा कॅल्शियम कमी पडून हाडं मऊ होतात त्याने) वाकतात ते बहुधा दोन्ही पाय. एकच नडगी, तीही पुढे-बाहेर वाकलेली, आणि सोबत हे डाग असले की आम्हा हाडांच्या डॉक्टरांच्या मनात आधी तुमचाच आजार येतो. या आठवड्यातच एक्स-रे काढून घ्या.

१७ व्या गुणसूत्रावरच्या एका जनुकातल्या दोषामुळे तिथलं हाड मुळातच नीट घडलेलं नसतं, म्हणून कॅल्शियमने हा बाक जात नाही. (या आजारात ड जीवनसत्त्व बऱ्याचदा कमी सापडतं, ते जरूर तपासा.)

मला खरी भीती वाटते ती हाड मोडण्याची. एरवी लहान मुलाची नडगी काही आठवड्यांत जुळते. हिची जुळेलच असं नाही. एक्स-रेत मोडलेली टोकं तासलेल्या पेन्सिलीसारखी निमुळती दिसू लागतात, मध्ये हाड भरत नाही आणि सांधा नसलेल्या जागी पाय हलतो. याला खोटा सांधा म्हणतात. मग सळई, दुसरीकडचं हाड आणून बसवणं, इलिझारोव्हची कडी (पायाभोवती बाहेरून बसवून तारांनी हाडाला जोडलेली)... एकेका मुलाच्या चार-पाच शस्त्रक्रिया होताना मी पाहिल्या आहेत.

म्हणून पहिलं पाऊल टाकायच्या आत नडगीला पुढून-मागून शिंपल्यासारखा धरणारा ब्रेस करून घ्या. उभं राहताना, चालताना तो पायात हवाच, आणि तोही वाढ पूर्ण होईपर्यंत. मूल वाढलं की तो लहान पडतो. कातडीवर लाल वळ दिसला की बदलायला न्या. बाक सरळ करायला हाड कापू या, असं कुणी सुचवलं तर लगेच होकार देऊ नका. ती कापलेली जागाही जुळायची राहू शकते. आधी दुसरं मत घ्या.

दरवर्षी तिला पुढे वाकवून पाठ तपासून घ्यायची. या आजारातला एक प्रकारचा बाक लहान वयात येतो आणि झपाट्याने वाढतो.

आता तुमची पाठ. जुनाच बाक दुखतोय असं समजून गोळ्यांवर दिवस काढू नका, मणक्याचा एमआरआय करून घ्या. एखादी गाठ भराभर वाढत किंवा कडक होत असेल, पायातली ताकद कमी झाली असेल, लघवीवरचा ताबा जात असेल, तर मुलीच्या भेटीची तारीख येईपर्यंतही थांबू नका.