पदवीनंतर काय? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुण्या-मुंबईला न जाता नोकरी मिळेल का? मुलाखतीत काय विचारतात? (विद्यार्थिनी, चोपडा)

मिळू शकते, पण नुसतं ‘केमिस्ट’ म्हणून शोधू नका. नव्या मुलांना जागा असतात त्या बहुतेक क्यूसीत, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात. जळगाव एमआयडीसीत पाईप, प्लास्टिक आणि खाद्यप्रक्रियेचे कारखाने आहेत. औषधं-रसायनांतच जायचं असेल, तर गुजरातमधलं अंकलेश्वर पुण्यापेक्षा सोयीचं: अमळनेर किंवा नंदुरबारहून सुरतची गाडी धरायची, पुढे तासाभराचा रस्ता. मात्र कामाच्या पाळ्या कशा आहेत आणि राहायची सोय कंपनी करते का, हे होकार देण्याआधी विचारून घ्या.

मुलाखतीत मोठमोठ्या अभिक्रिया कुणी विचारत नाही. ‘0.1 नॉर्मल ऑक्झॅलिक ॲसिडचं 250 मिली द्रावण करायला किती ग्रॅम घ्याल?’ इथेच निम्मे अडकतात. समतुल्य भार 63.04 × 0.1 नॉर्मल × 0.25 लिटर, म्हणजे 1.576 ग्रॅम. त्यालाच जोडून येतं : कॉस्टिक सोडा असाच वजन करून अचूक द्रावण का होत नाही? कारण तो वजन करतानाच हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढतो. म्हणून त्याची तीव्रता ऑक्झॅलिकने ठरवावी लागते. फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचा रंग फिकट गुलाबी होऊन अर्धा मिनिट टिकला पाहिजे; गडद झाला की एंड पॉइंट पुढे गेला. रीडिंग घेण्याआधी ब्युरेटवरचं फनेल काढलं का, टोकात हवेचा बुडबुडा राहिला का, हेही विचारतात. प्रॅक्टिकलचं जर्नल कुणाचं उतरवून काढलं असेल, तर ते इथे उघडं पडतं.

बायोडाटा एका पानाचा करा. स्वतः चालवलेली उपकरणं लिहा, नुसती पाहिलेली नको. एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं उपकरण) लिहिलंत की ‘मोबाइल फेज (नमुना वाहून नेणारा द्रव) कोणती घेतली होती?’ हा प्रश्न आलाच.

थेट नोकरी नसेल तर नॅट्स या केंद्र सरकारच्या योजनेच्या पोर्टलवर अप्रेंटिसशिपसाठी नाव नोंदवा. 2019 च्या नियमांत पदवीधरांसाठी किमान विद्यावेतन महिना 9,000 रुपये ठरलं. करार पोर्टलवर नोंदला गेला ना, हे स्वतः बघा. नोंदच नसेल तर प्रमाणपत्र कुठून येणार? आणि अप्रेंटिसला पुढे कायम करायचं बंधन कायद्याने कंपनीवर नाही, हे घरी आधीच सांगून ठेवा. आधार आणि गुणपत्रिकेवरचं नावही आत्ताच जुळवून घ्या. आधारवरचं नाव साधारणपणे दोनदाच बदलता येतं.

प्रश्न : बी.ए. होऊन तीन वर्षं एमपीएससी करतोय. आता खासगी नोकरी बघतोय. मधली वर्षं बायोडाटात कशी दाखवू? (वाचक, शहादा)

लपवू नका. ‘स्पर्धा परीक्षांची तयारी’ अशी एक ओळ वर्षांसकट लिहा, पूर्वपरीक्षा निघाली असेल तर तेही. खोटा अनुभव दाखवलात, तर पगाराची स्लिप मागितल्यावर अडचण होते. राज्यसेवा सोडायची नसेल, तर एक लक्षात घ्या : 2025 पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे, लेखी 1750 आणि मुलाखत 275 गुणांची. केवळ बहुपर्यायी प्रश्न सोडवून झालेला अभ्यास तिथे पुरत नाही. दरम्यान संगणक टायपिंगचं प्रमाणपत्र काढा, मिनिटाला मराठी 30 आणि इंग्रजी 40 शब्दांचं. लिपिक-टंकलेखक पदाला ते लागतंच, खासगी ऑफिसातही वाया जात नाही.

प्रश्न : ‘भुसावळला रेल्वेत लावून देतो’ म्हणत एक जण 50 हजार ॲडव्हान्स मागतोय. भाऊ आयटीआय झालाय. द्यावेत का? (वाचक, एरंडोल)

एक रुपयाही नको. मध्य रेल्वेची अप्रेंटिस भरती दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लावून होते. ना लेखी, ना मुलाखत. मग हा गृहस्थ नेमकं काय ‘लावून’ देणार? ऑनलाइन पैसे गेलेच असतील, तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणं अवघड.