पातालपाणीची निळी फुलपाखरं: पंख मिटू द्या!

प्रश्न आहे की इंदूरजवळच्या पातालपाणी, चोरलच्या वाटांवर दिसणारी छोटी निळी फुलपाखरं एकमेकांपासून ओळखायची कशी. वरचा निळा रंग बघून ओळखायला जाऊ नका, तिथेच सगळे फसतात. शिवाय बऱ्याच जातींत माद्या वरून तपकिरीच असतात. फुलपाखरू बसून पंख मिटेपर्यंत थांबा आणि खालची बाजू पाहा.

आधी मागच्या पंखाला केसासारखी शेपटी आहे का ते बघा. शेपटी, तपकिरी लहरी रेघा आणि कडेजवळ रुंद पांढरा पट्टा असेल तर पी ब्लू. रेघांऐवजी ठिपके, आणि शेपटीपाशी नारिंगी टोपी घातलेले, डोळ्यांसारखे दोन काळे ठिपके दिसले तर बहुधा ग्रॅम ब्लू. बसल्यावर हे मागचे पंख वरखाली घासत राहतं. शेपट्या डोक्यावरच्या मिशांसारख्या (स्पर्शिकांसारख्या) हलतात, तेच डोकं वाटतं आणि पक्ष्याची चोच डोक्याऐवजी तिथे पडते. हे एकदा तरी गुडघे टेकून बघाच!

शेपटी नसेल आणि गवतालगत उडत असेल तर ग्रास ब्लू समजा. पुढच्या पंखाच्या मध्यावरच्या कप्प्यात (शिरांनी वेढलेल्या जागेत) ठिपका नसेल तर ते लेसर ग्रास ब्लू असू शकतं, पण त्यासाठी जवळून काढलेला फोटो लागतोच.