फोटो कॉपीराइटचे, नाव ट्रेडमार्कचं

प्रश्न : मी सुगंधी मेणबत्त्या ऑनलाइन विकते. एका विक्रेत्याने माझे फोटो आणि वर्णन जसंच्या तसं उचललंय, नावही मिळतंजुळतं ठेवलंय. ट्रेडमार्क घेऊ की कॉपीराइट?

उत्तर : फोटो आणि मजकूर कॉपीराइटमध्ये येतात. बर्न कराराच्या (कॉपीराइटबाबतच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) देशांत हा हक्क निर्मितीबरोबरच मिळतो, त्यासाठी नोंदणीची अट नाही. नोंदणीचा उपयोग होतो तो पुराव्यासाठी, आणि काही देशांत दावा लावण्यासाठी. त्यामुळे फोटोंची तक्रार आजही करता येईल. पण त्याआधी त्या विक्रेत्याच्या पानाचे तारीख आणि वेबपत्ता दिसणारे स्क्रीनशॉट घ्या. तक्रार पोहोचली की पान बऱ्याचदा गायब होतं. कॅमेऱ्यातल्या मूळ फाइली शोधून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या फोटोतून तो कधी, कशावर काढला ही माहिती पुसली जाते, मग तो पुरावा लंगडा पडतो. विक्री-संकेतस्थळाच्या तक्रार अर्जात प्रत्येक फोटोसाठी तुमची लिंक आणि त्या विक्रेत्याची लिंक जोडीने द्या. ‘सगळं चोरलंय’ अशी मोघम तक्रार परत येते.

नावाला मात्र कॉपीराइट मिळत नाही, तिथे ट्रेडमार्कच हवा. अर्जाआधी देशाच्या ट्रेडमार्क नोंदवहीत शोध घ्या, आणि फक्त तेच स्पेलिंग नको. उच्चारात सारखी वाटणारी नावंही तपासा, कारण आक्षेप त्यांवरूनही येतो. ‘सुगंधी मेणबत्ती’सारखं मालाचंच वर्णन करणारं नाव सहसा नाकारलं जातं.

सगळ्यात जास्त घोळ वर्गात होतो, म्हणजे नाव कोणत्या प्रकारच्या मालासाठी किंवा सेवेसाठी नोंदवायचं त्यात. नीस या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात असे ४५ वर्ग आहेत. मेणबत्त्या, अगदी सुगंधीही, वर्ग ४ मध्ये. सुगंधी तेलं सहसा वर्ग ३ मध्ये. इतरांचा माल विकणारं दुकान चालवत असाल तर ती सेवा वर्ग ३५ मध्ये. पुढच्या वर्षी तेलं आणायची असतील तर वर्ग ३ आत्ताच घ्या. एकदा दाखल केलेल्या अर्जातली मालाची यादी कमी करता येते, वाढवता येत नाही. एकाच अर्जापुरते पैसे असतील तर लोगोऐवजी साध्या अक्षरांतलं नाव नोंदवा. लोगो बदलला तरी ते टिकतं. आणि नोंदणी होईपर्यंत ‘टीएम’च लिहा. वर्तुळातलं ‘आर’, म्हणजे ‘नोंदणीकृत’ची खूण, आधीच छापणं अनेक देशांत गुन्हा आहे.

प्रश्न : लोगोचे पैसे डिझायनरला दिलेत. तो माझाच ना?

उत्तर : बिल पुरेसं नाही. बाहेरच्या डिझायनरकडे कॉपीराइट राहू शकतो, म्हणून हक्क तुमच्या नावे केल्याचं सहीचं पत्र घ्या. फोटोग्राफरकडूनही घ्या.

प्रश्न : परदेशात विकायचं झालं तर?

उत्तर : ट्रेडमार्क देशापुरताच असतो. ट्रेडमार्कसारख्या हक्कांबाबतच्या पॅरिस करारानुसार पहिल्या अर्जापासून ६ महिन्यांत दुसऱ्या सदस्य देशात अर्ज केला तर पहिलीच तारीख धरली जाते. देश बरेच असतील तर माद्रिद पद्धतीने, म्हणजे आंतरराष्ट्रीय ट्रेडमार्क नोंदणीच्या सोयीने, एकाच अर्जात ते निवडता येतात. पण पहिली ५ वर्षं ही आंतरराष्ट्रीय नोंदणी तुमच्या देशातल्या मूळ अर्जावर किंवा नोंदणीवर अवलंबून असते. मूळच रद्द झालं तर बाकीचंही कोसळतं. त्यामुळे मूळ अर्ज चोख असू द्या.