ब्रेकची हवा: केव्हा काढावी आणि कशी

प्रश्न : पुढच्या चाकांचे पॅड आणि डिस्क घरीच बदलल्यावर पहिल्याच दाबात पेडल थेट तळाला गेले. लाइनमध्ये हवा शिरली असेल का? (वाचक, कोरेगाव)

उत्तर : बहुधा नाही. जाड नवे पॅड बसवण्यासाठी कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन मागे ढकलावा लागतो आणि पहिल्या काही दाबांतले सगळे ऑइल त्याला पुन्हा पुढे आणण्यातच खर्ची पडते. म्हणून गाडी जागची हलवण्यापूर्वी पेडल टणक लागेपर्यंत दहा-पंधरा वेळा सावकाश दाबावे. हे विसरून गाडी मागे घेताना अंगणाच्या भिंतीला धडकवणारे काही कमी नाहीत. पाइप किंवा निपल (हवा काढण्याचा स्क्रू) सैल केलेला नसेल आणि ब्रेक ऑइलच्या डबीतले ऑइल तळाला गेलेले नसेल, तर हवेला आत शिरायला वाटच नसते. इतके करूनही पेडल नरम राहिले, तर हबवरचा (डिस्क जिच्यावर बसते त्या बैठकीवरचा) गंज घासून डिस्क सपाट बसवली होती का, आणि मागे ड्रम असल्यास लायनर सैल तर नाहीत ना, हे आधी तपासावे.

प्रश्न : कॅलिपरही बदलला आहे. मी आणि मुलगा मिळून हवा काढणार आहोत. क्रम कोणता ठेवावा? तासभर काढूनही बुडबुडे संपत नाहीत असे का होते? (वाचक, वाई)

उत्तर : मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या भागापासून) सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करण्याची जुनी रीत आहे, आपल्याकडच्या गाड्यांत तो क्रम साधारणपणे मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे असा येतो. मात्र बऱ्याच गाड्यांत ब्रेकच्या लाइन तिरक्या (पुढचे एक चाक आणि विरुद्ध बाजूचे मागचे चाक अशा) जोडलेल्या असतात, त्यामुळे गाडीच्या पुस्तिकेत वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळावा. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवावे. मुलाने पेडल दाबून धरावे, तुम्ही निपल पाव फेरा सैल करून लगेच आवळावा आणि ‘सोड’ म्हटल्यावरच त्याने पाय उचलावा. निपल उघडा असताना पाय उचलला गेला, तर काढलेली हवा पुन्हा आत ओढली जाते. निम्म्या तक्रारी येथेच जन्मतात. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा, कारण ते तळापर्यंत दाबल्यास मास्टर सिलिंडरमधले रबर एरवी न वापरल्या जाणाऱ्या, गंजलेल्या भागावर घासून फाटू शकते. नळीतून आधी चहाच्या रंगाचे ऑइल आणि सोड्यासारखे बारीक बुडबुडे येतात, मग फिकट, स्वच्छ धार लागते. बुडबुडे संपतच नसतील, तर निपल कॅलिपरच्या वरच्या बाजूला आहे का ते पाहावे. डावा कॅलिपर उजवीकडे बसवल्यास निपल खाली जातो आणि वर साचलेली हवा कधीच निघत नाही. अशी गाडी मी पाहिली आहे. दोन बाटल्या ऑइल वाया गेल्यावर चूक लक्षात आली.

प्रश्न : महाबळेश्वरहून पसरणीच्या घाटाने उतरताना पेडल खोल जाऊ लागले, वाईत थांबल्यावर पुन्हा ठीक झाले. हवाच ना? (वाचक, सातारा)

उत्तर : हवा नव्हे, वाफ. पाचगणी ते वाई हा उतार सुमारे 600 मीटरचा आहे. 1200 किलोची गाडी केवळ ब्रेकवर उतरवली, तर वीस लिटर पाणी उकळेल इतकी उष्णता डिस्क, ड्रम आणि पॅडांना सोसावी लागते. डॉट 4 दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू नवे असताना किमान 230 अंश सेल्सिअस असतो. ते हवेतला ओलावा शोषत राहते आणि त्यात 3.7 टक्के पाणी मुरले की ही हमी 155 अंशांवर येते. पेडल टणक असूनही गाडी थांबत नसेल, तर पॅड तापले आहेत. पेडलच खोल जात असेल, तर ऑइल उकळले आहे. तुमच्या गाडीचे सगळे ऑइल बदला, पुढे दर दोन वर्षांनी बदलत राहा आणि घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा.

प्रश्न : एबीएसच्या (ब्रेक दाबताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीत हवा काढण्याची ही रीत चालते का? (वाचक, कराड)

उत्तर : ऑइल बदलण्यापुरती चालते. मात्र एबीएसच्या युनिटमध्येच हवा शिरली असेल, तर त्यातला पंप आणि व्हॉल्व्ह स्कॅनरने चालवल्याशिवाय बहुतेक गाड्यांत ती निघत नाही. तेथे घरगुती खटाटोप न करता गाडी उचलून गॅरेजात न्यावी.