उंबरा ओलांडायच्या आधी बिल

‘नऊ किचनं बसवून झाली. त्यांतल्या चारांची बिलं अजून गेलेली नाहीत. मी रोज आठवण करते, मग रोज भांडण होतं. मैत्रीण म्हणते, एडीएचडी ही धंदेवाल्यांना मिळालेली देणगी आहे. मग आमच्याच घरात ती उलटी का लागली?’

इंग्लंडातल्या स्विंडनहून आलेल्या पत्रातल्या या ओळी. लिहिणारीचा नवरा किचनं बसवून देतो, आणि त्याला एडीएचडीचं निदान झालंय: लक्ष टिकवणं आणि कामं वेळेवर उरकणं जड जाणारी मेंदूची ठेवण. पुढे पत्रात सासूबाई आहेत, गोळ्या आहेत, लेकाचं मराठी आहे. त्यांच्याकडे शेवटी येते. आधी बिलं.

बाय, तू म्हापशाची. शुक्रवारच्या बाजारात मिरच्यांचे वाटे लावून बसलेली बाई तू लहानपणापासून बघितली आहेस. वाटा पिशवीत टाकते, पैसे घेते आणि मगच पुढच्या गिऱ्हाईकाकडे बघते. तुझ्या नवऱ्याच्या धंद्यात माल आणि पैसा यांच्यात पाच-पाच आठवडे जातात. एडीएचडी असलेल्या माणसाचं खरं नुकसान या मधल्या आठवड्यांतच होतं.

हा आळस नव्हे. शेवटचं दार सरळ बसलं की त्याच्या मेंदूच्या लेखी काम संपलं, समाधान मिळालं. बिल हे कंटाळवाणं काम, त्याचं फळ पंधरा दिवसांनी. असल्या कामाला मेंदू जोर पुरवत नाही, आणि व्हॅनपर्यंत पोचेतो दुसऱ्या गिऱ्हाईकाचा फोन आला की डोक्यात धरून ठेवलेलं सांडून जातं. म्हणून ‘रात्री घरी जाऊन करतो’ हे वाक्य तुमच्या घरातून कायमचं जायला हवं. बिल गिऱ्हाईकाच्या घरातच जायचं, उंबरा ओलांडायच्या आधी.

त्यासाठी बिल शेवटच्या दिवशी लिहायचंच नाही. कोटेशन देतानाच त्याच मजकुराचं बिल करून ठेवायचं: नाव, पत्ता, रक्कम, खातेक्रमांक. शेवटच्या दिवशी उरलं पाहिजे फक्त पाठवायचं बटण. कोटेशनला उशीर होतो तो दर वेळी नव्यानं आकडे मांडत बसल्यामुळे, तेव्हा दहा-बारा ओळींचं दरपत्रक एकदाच करा: खालचं कपाट, वरचं कपाट, वर्कटॉप (ओट्याची वरची फळी) कापणं, सिंकचं भोक, जुनं काढून टाकणं. वर्षभर त्याला हात लावायचा नाही.

पैसे टप्प्यांनी घ्या. मजुरी ४,००० पाउंड असेल तर तारीख ठरताना १,०००, कपाटं उभी राहिली की १,५००, वर्कटॉप बसला की १,०००, शेवटी ५००. शेवटचा हप्ता मोठा ठेवलात तर कपाटाच्या एका मुठीसाठी मोठी रक्कम अडकते, कारण शेवटची मूठ आणि सिलिकॉनची शेवटची रेघ याच गोष्टी या माणसांकडून राहतात. तो हप्ताच नसेल तर मूठ लावायला तो परत जाणारच नाही. ५०० बरोबर आहेत.

शेवटच्या दिवशी फोनवर गजर, निघायच्या पाऊण तास आधी. गजराला नाव द्या: ‘फोटो, बिल, मग हत्यारं’. क्रम महत्त्वाचा आहे. हत्यारं आधी भरली की माणूस मनानं निघून गेलेला असतो. गजराचा आवाज महिन्याला बदला, नाहीतर तो कानाला ऐकू येईनासा होतो. बिलाची मुदत ७ दिवस, आणि आठव्या व पंधराव्या दिवशीची आठवण हिशेबाच्या ॲपनं आपोआप पाठवायची. ॲप एकच, निदान वर्षभर. दर रविवारी नवं ॲप उतरवून घेणं हा या दुखण्याचाच भाग आहे, त्याला प्रगती समजू नका.

आता तुझ्या वाट्याची बोलणी. ‘चार बिलं मीच करून टाकू का?’ असं विचारतेस. नको. एकदा केलीस की तू घरची बिनपगारी कारकून झालीस, आणि रोज आठवण करणारी बायको ही नवऱ्याला गजराइतकीच ऐकू येईनाशी होते. तू नुसती शेजारी बस. मंगळवारी रात्री आठ ते पावणेनऊ, एकाच टेबलावर, तो त्याचे कागद घेऊन आणि तू तुझं काम घेऊन. विचारायचं नाही, डोकवायचं नाही. सोबत असली की या माणसांचं मन कामाला टिकतं. माझ्या धाकट्या भावाचं फोंड्यात वायरिंगचं काम आहे, त्यालाही एडीएचडीच. भावजय शेजारी बसून भाजी निवडते आणि त्याची बिलं जातात.

जुनी चार बिलं ताज्यापासून मागे जात पाठवा, एका बैठकीत दोन. ताजं गिऱ्हाईक लवकर पैसे देतं आणि त्यानं हुरूप येतो. माफीचे परिच्छेद नकोत. इंग्लंडात असं येणं मागायची मुदत सहा वर्षांची आहे, तेव्हा लाजून सोडून देऊ नका.

आलेल्या प्रत्येक रकमेतून चौथा हिस्सा त्याच मिनिटाला दुसऱ्या खात्यात, करासाठी. रिटर्न ३१ जानेवारीच्या एक दिवस पुढे गेलं की कर शून्य असला तरी १०० पाउंड दंड. शिवाय कर हजार पाउंडांवर गेला की पहिल्या खेपेला साधारणपणे पूर्ण कर आणि पुढच्या वर्षाचा अर्धा आगाऊ एकदम द्यावा लागतो, उरलेला अर्धा ३१ जुलैला. धंदा चांगला चाललेली माणसं इथेच कोसळतात. सामानाची पावती दुकानाच्या पार्किंगमध्येच, व्हॅन सुरू करायच्या आधी फोटो काढून ठेवायची.

चालू कामं भिंतीवर लावा. चतुर्थीला गणपतीच्या वर टांगलेल्या माटोळीला कुठली फळं-भाज्या बांधलीत, काय बांधलंय, काय राहिलंय, हे मान वर केली की दिसतं, तसंच हवं. वहीत मिटलेलं काम या डोक्याला नाहीसंच होतं. एका वेळी दोन कामं चालू, एक रांगेत, चौथ्याला पुढची तारीख.

आणि ब्रिटिश सरकारच्या ‘ॲक्सेस टू वर्क’ या, आजार किंवा अपंगत्व असलेल्यांना कामात मदत देणाऱ्या योजनेत आजच अर्ज करा. स्वतःचा धंदा असलेल्यालाही ती लागू आहे, कागदपत्रांना मदतनीस ठेवायला पैसे मिळू शकतात, ते परत फेडायचे नसतात. निर्णयाला बरेच महिने लागतात, म्हणूनच आज.

मैत्रिणीच्या देणगीबद्दल एवढंच: पॉल ऑर्फेलिया या एडीएचडी आणि डिस्लेक्सिया (वाचन-लेखन जड जाणं) असलेल्या माणसानं १९७० मध्ये कॅलिफोर्नियात किंकोज हे फोटोकॉपीचं दुकान काढलं आणि त्याची मोठी साखळी उभी केली. तो स्वतः दुकानांतून फिरायचा. कागद दुसरी माणसं सांभाळायची.

सासूबाई म्हणतात ना, ‘लहानपणापासून असाच, कशात लक्ष नाही’? निदान करताना डॉक्टर हेच विचारतात: बाराव्या वर्षाआधी लक्षणं होती का. तेव्हा सांगा त्यांना, त्यांचंच म्हणणं डॉक्टरांनी खरं ठरवलं.

लेकाचं मराठी आजीच्या फोनवर सोडा, सध्या शनिवारचा वर्ग नसला तरी चालेल.

चतुर्थीला येताना गोळ्या मूळ खोक्यात, हातातल्या बॅगेत, डॉक्टरांचं पत्र आणि प्रिस्क्रिप्शनची प्रत बरोबर. गोळ्या नियंत्रित औषधांतल्या असतील आणि तीन महिन्यांचा किंवा त्याहून जास्त साठा नेला तर ब्रिटनचा परवाना लागतो. भारतात एडीएचडीच्या उत्तेजक वर्गातल्या बऱ्याच औषधांवर एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याचं नियंत्रण आहे, म्हणून गोळीचं नाव कळवून भारतीय उच्चायोगाला लेखी विचारा, आणि तेही तिकिटं काढायच्या आधी.