नावं पाठ होत नाहीत, म्हणून हे क्षेत्र सोडू का?

प्रश्न: मी बारावीत आहे. जीवशास्त्र मनापासून आवडतं. पुढे फिजिओथेरपी किंवा रेडिओग्राफी (एक्स-रे, सीटी स्कॅन काढण्याचं काम) करायचं ठरवत होते. परवा मामेबहिणीचं शरीररचनाशास्त्राचं पुस्तक चाळलं आणि धीरच सुटला. पानोपानी लॅटिन नावं! माझं पाठांतर पहिल्यापासून कच्चं आहे, इतिहासाच्या सनावळ्याही कधी लक्षात राहिल्या नाहीत. बाबा म्हणतात, तुझं डोकं हिशेबात, तर्कात चालतं, उगाच या फंदात पडू नकोस. काय करू?

उत्तर: पाठांतर कच्चं आहे एवढ्याच कारणासाठी सोडू नकोस. सोडण्याजोगी दुसरी कारणं असू शकतात, त्यांच्याकडे येतेच. पण तू ते पुस्तक मधूनच कुठेतरी उघडलं असणार. तसं उघडलं तर ते भल्याभल्यांना घाबरवतं. या विषयात सगळ्यात मोलाची पानं अगदी सुरुवातीची असतात आणि गंमत म्हणजे विद्यार्थी नेमकी तीच भराभर उलटतात. त्यांत फार तर चाळीस-पन्नास शब्द असतात, पण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं असतं.

पहिली गोष्ट, अ‍ॅनॉटॉमिकल पोझिशन. ताठ उभं राहायचं, नजर समोर, पावलं जवळ, हात बाजूला सोडलेले आणि तळवे पुढे. शरीरातल्या कुठल्याही भागाचं वर्णन करताना माणूस असाच उभा आहे असं धरतात, मग प्रत्यक्षात तो पालथा झोपलेला असो की कुशीवर. डोक्याकडची बाजू सुपीरिअर, पायाकडची इन्फीरिअर, पुढची अँटीरिअर, मागची पोस्टीरिअर. मध्यरेषेच्या जवळ ते मीडिअल, लांब ते लॅटरल. डावं-उजवं त्या माणसाचं, बघणाऱ्याचं नव्हे.

आत्ता उभी राहा आणि करून बघ. तळवे पुढे केलेस की अंगठे बाहेर येतात, म्हणून अंगठा लॅटरल आणि करंगळी मीडिअल. आता तळवे मागे फिरव. अंगठा मांडीला टेकला, तरी तो लॅटरलच राहतो. तळवे पुढेच का, असं विचारशील. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं आहेत, रेडियस आणि अल्ना. तळवा पुढे असताना ती समांतर असतात आणि तळवा मागे फिरला की रेडियस अल्नावर तिरकं येतं. एकमेकांवर चढलेल्या हाडांपेक्षा शेजारी शेजारी असलेल्या हाडांचं वर्णन करणं केव्हाही सोपं.

मग खाली पायाकडे बघ. पायाचा अंगठा आतल्या बाजूला आहे, म्हणजे मीडिअल. हाताचा अंगठा लॅटरल आणि पायाचा मीडिअल, हे पाठ करायला गेलीस तर नक्की गोंधळशील. पण गर्भावस्थेत सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास हात बाहेरच्या बाजूला फिरतात आणि पाय आतल्या बाजूला, हे एकदा कळलं की पाठ करायला काही उरत नाही. कोपराचं टोक मागे आणि गुडघ्याची वाटी पुढे का, तेही त्यातच आलं. बाबा ज्याला तर्काचं डोकं म्हणतात, ते या विषयात असं कामी येतं.

आता नावांकडे. एके काळी परिस्थिती खरोखरच भयंकर होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शरीरातल्या सुमारे ५,००० भागांसाठी युरोपभर मिळून ५०,०००च्या आसपास नावं चालत होती. १८९५ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे शरीररचनातज्ज्ञांनी प्रत्येक भागासाठी एकेक नाव ठेवून बाकीची काढून टाकली. आजची आंतरराष्ट्रीय यादी १९९८ची, टर्मिनोलॉजिया अ‍ॅनॉटॉमिका नावाची. २०१९मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. व्यक्तींच्या नावांपेक्षा भागाची जागा, आकार किंवा काम सांगणारी नावं ठेवायची, असा या सगळ्या खटपटीचा कल. म्हणजे तुला घाबरवणारी नावं खरं तर लक्षात ठेवायला सोपी जावीत म्हणूनच निवडलेली आहेत!

एकाच स्नायूचं नाव घेऊ: एक्स्टेन्सर कार्पाय रेडिअ‍ॅलिस लाँगस. एक्स्टेन्सर म्हणजे सांधा ताणून सरळ करणारा किंवा मागे नेणारा, कार्पाय म्हणजे मनगटाचा, रेडिअ‍ॅलिस म्हणजे रेडियसच्या बाजूचा, लाँगस म्हणजे लांब. आता पुस्तक मिटून विचार कर. लांब असं मुद्दाम सांगितलंय, तर आखूडही असणार. आहे, ब्रेव्हिस. रेडियसच्या बाजूला आहे, तर अल्नाच्या बाजूलाही हवा. तोही आहे. मनगट मागे नेणारे आहेत, तर पुढे वळवणारे? फ्लेक्सर, तेही दोन, एक रेडियसकडचा आणि एक अल्नाकडचा. एका नावावरून तू पाच स्नायू शोधलेस, आणि पाठ केलेस जेमतेम सहा-सात शब्द. हेच शब्द पुढे पाय, पाठ, मान सगळीकडे भेटतात.

सगळंच असं तर्काने सुटतं, असं मात्र मी म्हणणार नाही. मनगटातली आठ छोटी हाडं आणि मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या घोकाव्याच लागतात. यादीतून काढलेली जुनी नावंही रुग्णालयात सर्रास चालतात. पुस्तकात कॅल्केनिअल टेंडन वाचशील आणि डॉक्टर अकिलीस टेंडन म्हणतील. अ‍ॅबडक्शन म्हणजे मध्यरेषेपासून दूर नेणं आणि अ‍ॅडक्शन म्हणजे जवळ आणणं. हे दोन शब्द ऐकायला इतके सारखे की अनुभवी माणसं ‘ए-बी-डक्शन’ असं अक्षरं फोडून बोलतात. ओळखीचे शब्दही चकवतात. शरीररचनेत ‘आर्म’ म्हणजे फक्त दंड, खांद्यापासून कोपरापर्यंत, आणि ‘लेग’ म्हणजे गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचाच पाय. अपेंडिक्युलर स्केलेटनचा अपेंडिक्सशी काही संबंध नाही. प्रौढ माणसाच्या २०६ हाडांपैकी हातापायांची आणि त्यांना धडाशी जोडणारी १२६ हाडं त्यात येतात, उरलेली ८० अ‍ॅक्सिअल, म्हणजे डोकं, मान, कणा आणि छातीची.

सोडण्याजोगी कारणं म्हणाले होते, ती अशी. वस्तू मनातल्या मनात फिरवून दुसऱ्या बाजूने कशी दिसेल हे बघायचा तुला मनस्वी कंटाळा असेल, तर विचार कर, कारण इथे तेच रोजचं काम आहे. डावं-उजवं प्रत्येक वेळी तपासण्याचा काटेकोरपणा अंगी नसेल आणि आणायचीही तयारी नसेल, तर नक्कीच विचार कर. चुकीच्या बाजूला केलेली शस्त्रक्रिया ही वैद्यकात खरोखर घडणारी गोष्ट आहे. आणि पुस्तकासारखं शरीर समोर आलं नाही की चिडचिड होत असेल, तरी. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकव आणि मनगट थोडं पुढे वळव. मनगटाच्या मधोमध एक दोरी उठून दिसेल, ती पामॅरिस लाँगस या स्नायूची. नाही दिसली तर घाबरू नकोस, बऱ्याच लोकांत हा स्नायू जन्मतःच नसतो आणि त्यांचं काही अडत नाही. हे वाचून तुला कुतूहल वाटलं की वैताग आला, ते मला पाठांतरापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

म्हणून निर्णयाआधी दोनेक आठवडे एवढंच कर. सगळा सांगाडा घेऊ नकोस, फक्त खांद्यापासून बोटांपर्यंतचा हात घे. सुरुवातीची पानं नीट वाच, आकृती स्वतः काढ (वाकडी आली तरी चालेल) आणि प्रत्येक हाड आपल्याच हातावर चाचपून नाव मोठ्याने म्हण. गळपट्टीचं हाड, कोपराचं टोक, अंगठ्याच्या बाजूचा मनगटावरचा उंचवटा, हे सगळं त्वचेखाली सहज लागतं.

फिजिओथेरपी की रेडिओग्राफी, हे तू विचारलं नाहीस, पण त्याचाही अंदाज यातूनच येईल. फिजिओथेरपीत स्नायू कुठून निघतो, कुठे जोडला जातो, कोणता मज्जातंतू त्याला चालवतो आणि सांधा किती अंश वळतो, यावर भर. रेडिओग्राफीत शरीराचे छेद, म्हणजे शरीर कापून पाहिल्यासारखी चित्रं, ओळखावे लागतात. सॅजिटल छेद डावं-उजवं वेगळं करतो, कोरोनल पुढचं-मागचं आणि ट्रान्सव्हर्स वरचं-खालचं. सीटी स्कॅनचा आडवा छेद पायाकडून वर बघितल्यासारखा वाचायचा असतो, त्यामुळे रुग्णाची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते. मनगट हलवत कोणता स्नायू ताठला ते चाचपत बसावंसं वाटलं, तर पहिल्याकडे झुक. अशा छेदातला करडा ठिपका कशाचा असेल याचा छडा लावावासा वाटला, तर दुसऱ्याकडे. आणि रुग्णाला हात लावण्याचंच दडपण येत असेल, तर मेडिकल कोडिंगसारखी कामं आहेत. तिथे डॉक्टरांची टिपणं वाचून आजारांना आणि उपचारांना ठरलेले सांकेतिक क्रमांक द्यायचे असतात, म्हणजे हीच परिभाषा आणि तुझं हिशेबी डोकं दोन्ही लागतं. बाबांशी बोलताना हा तिसरा पर्यायही सांग, त्यांना तो बहुधा पटेल.